अकरा मतांचा जीएस

1989 हे साल कॉलेजात जाणाऱ्या पोरांसाठी मोठं चमत्कारिक ठरलं. त्या वर्षी 28 मार्चला 61वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं. नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक झाली तेव्हा एफवाय-एसवायच्या मुलामुलींनी पहिल्यांदा बोटाला शाई लावून घेतली. त्याच वर्षी मुंबईत कॉलेज निवडणुकांच्या धामधुमीत ओवेन डिसूझा या काँग्रेसच्या विद्यार्थी संघटनेच्या, म्हणजे एनएसयूआयच्या, तरुण कार्यकर्त्याचा खून झाला. कॉलेजात हाणामाऱ्या होतात हे सगळ्यांना माहीत होतं, पण जीव जाईपर्यंत गोष्ट गेली म्हटल्यावर पालक हादरले, प्राचार्य हादरले, वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. पुढच्या पाच वर्षांत महाराष्ट्राने कायदाच बदलून टाकला. परिणाम असा झाला की देशाचं सरकार निवडायला लायक ठरलेली मुलं स्वतःच्या वर्गाचा प्रतिनिधी निवडायला मात्र नालायक ठरली.

त्याआधीच्या काळात ‘जीएस’ या दोन अक्षरांना काय वजन होतं, हे आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांना विचारावं. जनरल सेक्रेटरी म्हणजे जीएस, विद्यापीठात कॉलेजची बाजू मांडणारा यूआर, वर्गाचा सीआर, मुलींची प्रतिनिधी एलआर. शिवाय जिमखाना, मॅगझीन, वादविवाद, नाट्य अशा मंडळांचे सेक्रेटरी वेगळे. जूनमधली प्रवेशाची गडबड ओसरली की नोटीस बोर्डावर निवडणुकीचा कागद लागायचा आणि पुढचे पंधरा-वीस दिवस तास नावापुरते व्हायचे. चार्ट पेपरवर रंगवलेली पोस्टरं हॉस्टेलच्या खोल्यांत रात्र रात्र जागून तयार व्हायची. मेसमधून कणीक उचलून तिची खळ शिजवायची आणि पहाटे शिपाई यायच्या आत जिन्याच्या भिंती भरून काढायच्या. दुसऱ्या दिवशी विरोधकांनी ती फाडलेली असायची, म्हणजे रात्री पुन्हा खळ.

खरा प्रचार वर्गात चाले. एक तास संपून पुढचे सर येईपर्यंत जी चार-पाच मिनिटं मिळत त्यात उमेदवाराने आत घुसायचं, सर आधीच आलेले असले तर दारातून “सर, दोनच मिनिटं” म्हणून परवानगी मागायची आणि फळ्याकडे पाठ करून उभं राहायचं. मागच्या बाकांवरून शिट्टी येणार, कोणीतरी नावाची मोडतोड करून ओरडणार, पहिल्या बाकावरच्या मुली वहीत तोंड खुपसून हसणार. अशा वर्गात न अडखळता दोन मिनिटं बोलून आणि एक तरी टाळी घेऊन जो बाहेर पडला, त्याला पुढे आयुष्यात कोणत्याही सभेची भीती वाटली नसावी. बहुतेकांची पहिल्याच वर्गात बोबडी वळायची. ते परत येऊन “आपण आतून काम करू” म्हणायचे, आणि खरोखरच आतून काम करायचे. कुठल्या हॉस्टेलवर कोणाचा शब्द चालतो, सायन्सची मुलं मतदानाला उतरतात की प्रॅक्टिकलला पळतात, कँटीनचं बिल कोणाच्या नावावर लिहायचं, हा सगळा हिशेब त्यांच्याकडे असे.

इतकी झटापट कशासाठी, असा प्रश्न आजच्या मुलांना पडेल. जीएसच्या हातात सत्ता म्हणाल तर गॅदरिंगची. पाहुणा कोण आणायचा, नाटकाला किती पैसे आणि ऑर्केस्ट्राला किती, बक्षीस समारंभाला व्यासपीठावर खुर्च्या कोणाच्या, फिशपाँडची पेटी कोणाच्या ताब्यात. त्यातही फिशपाँडची पेटी फार मोलाची. कोणाच्या नावाचा फिशपाँड वाचायचा आणि कोणाचा गिळून टाकायचा, याची किल्ली ज्याच्याकडे त्याला सगळं कॉलेज वचकून असे. शिवाय फी, एसटीचा पास, मेसचं जेवण, लांबलेली परीक्षा अशा बाबतीत प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावणं न येता शिरण्याचा हक्क. एकोणिसाव्या वर्षी एवढं पुष्कळ असतं.

पुण्यासारख्या शहरात या निवडणुकांना आणखी एक पदर होता. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली मुलं इथल्या हॉस्टेलांत आणि कॉटबेसिसच्या खोल्यांत राहत. सोलापूरकर, नगरकर, सांगलीकर, मराठवाड्याचे असे गट आपोआप पडलेले असत; त्यांच्या आत तालुका, तालुक्याच्या आत जात. ही मोळी बांधायची कशी आणि समोरच्याची सोडवायची कशी, हे ज्याला कॉलेजात उमगलं त्याला जिल्हा परिषदेची निवडणूक नवखी राहिली नाही. शरद पवार 1958च्या सुमाराला बीएमसीसीत दाखल झाले. अभ्यासापेक्षा आपण कॉलेजच्या निवडणुकांत अधिक रमलो, हे त्यांनी कधी लपवलेलं नाही. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून त्यांनी यशवंतराव चव्हाणांना कॉलेजच्या कार्यक्रमाला बोलावलं आणि यशवंतरावांची नजर या मुलावर पडली. पुढचा इतिहास सर्वांना पाठ आहे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयात प्रमोद महाजन आणि गोपीनाथ मुंडे यांची जोडी अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या, म्हणजे अभाविपच्या, कामातून जमली. पुढे मुंडे कायदा शिकायला पुण्यात आले. विलासराव देशमुखांशी त्यांची जी दोस्ती विधानसभेत एकमेकांना चिमटे काढताना दिसायची, ती याच पुण्यातल्या दिवसांची. महाराष्ट्राबाहेरही हेच. पाटणा विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचे 1973 सालचे अध्यक्ष लालूप्रसाद यादव, तर 1974 सालचे दिल्ली विद्यापीठ विद्यार्थी संघाचे अध्यक्ष अरुण जेटली. आमदारकीची शिडी चढायला घराणं लागतं, पैसा लागतो, नाहीतर जात तरी लागते. यातलं फारसं काही नसलेल्या मुलाला शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवू देणारी जागा म्हणजे कॉलेजची निवडणूक. सगळ्यांना वर जाता आलं असं नाही, पण पायरी होती.

मात्र त्या काळाच्या आठवणी काढताना डोळे भरून आणणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नये. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला चित्र बदलायला लागलं होतं. 1970 मध्ये एसएफआय आली, 1971 मध्ये काँग्रेसने एनएसयूआय काढली, अभाविप 1949 पासून होतीच. मुंबईत पुढे शिवसेनेची भारतीय विद्यार्थी सेना उतरली. राज ठाकरे यांची राजकारणातली पहिली ओळख तिथलीच. पक्ष आले तसा पक्षांचा पैसा आला आणि पैशामागून त्यांची बाहेरची माणसं आली. कॉलेजच्या गेटबाहेर जीपगाड्या थांबू लागल्या. अर्ज भरायच्या दिवशी उमेदवाराबरोबर येणाऱ्या ‘मित्रां’पैकी निम्म्यांचा कॉलेजशी संबंध दहावीतच सुटलेला असे. हॉकी स्टिक हे मैदानावरचं साधन आहे, याचा विसर पडला. ऑक्टोबर 1989 मध्ये रामगोपाल वर्मांचा ‘शिवा’ हा तेलुगू सिनेमा आला. त्यात विद्यार्थी संघाची निवडणूक, गुंडाच्या जोरावर चालणारा विद्यार्थी नेता आणि सायकलची चेन ओढून काढणारा नायक होता. पुढच्या वर्षी तो हिंदीत आला तेव्हा मुंबईतल्या प्रेक्षकाला त्यात काही परकं वाटलं नाही. ओवेन डिसूझाची बातमी अजून ताजी होती.

तेव्हा बंदी मागणारे सगळे लोकशाहीचे शत्रू होते, असं म्हणणं अन्यायाचं होईल. गावाकडून पोटाला चिमटा काढून मुलाला शिकायला पाठवणाऱ्या बापाला मुलगा हातीपायी धड परत यावा एवढंच हवं होतं. त्याची भीती खरी होती. प्राचार्यांची अडचणही खरी होती. पोलीस बोलवावेत तर कॉलेजची बदनामी, न बोलवावेत तर डोकी फुटणार. प्रश्न उरतो तो निवडलेल्या औषधाचा.

22 जुलै 1994 रोजी महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम लागू झाला. तोवर प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा कायदा होता. आता सगळ्यांना एकच आला. त्याच्या 40व्या कलमात विद्यार्थी परिषदेची नवी रचना होती. मुख्यमंत्री होते शरद पवार. बीएमसीसीच्या निवडणुकांनी ज्याला घडवलं त्याच माणसाच्या कारकिर्दीत त्या निवडणुका कायद्याने मोडीत निघाल्या. काळ कोणाच्या पदरात काय टाकेल सांगता येत नाही.

हे 40वं कलम सावकाश वाचण्यासारखं आहे. परिषदेचे अध्यक्ष प्राचार्य. प्रत्येक वर्गातून एक विद्यार्थी, आदल्या वर्षीच्या परीक्षेत गुणवत्ता दाखवलेला, प्राचार्यांनी नेमलेला. खेळ, एनएसएस, एनसीसी आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांतून एकेक, प्राचार्यांनी नेमलेला. दोन विद्यार्थिनी, त्याही प्राचार्यांनी नेमलेल्या. या सगळ्यांनी मिळून आपल्यातून एक सचिव निवडायचा. कॉलेजांचे हे सचिव विद्यापीठाच्या पातळीवर एकत्र येऊन तिथले पदाधिकारी निवडणार. आणि परिषदेने राजकीय कामात पडायचं नाही, अशी तंबीही कलमातच होती.

जरा हिशेब करून पाहा. पंधरा वर्गांचं, तीन हजार मुलांचं कॉलेज आहे असं धरू. वर्गांचे पंधरा, उपक्रमांचे चार, मुली दोन. झाले एकवीस मतदार. अकरा मतं मिळाली की तुम्ही तीन हजारांचे प्रतिनिधी. जुनी नावं पुसली जाईनात, त्यामुळे या सचिवाला कुठे यूआर म्हणत राहिले, कुठे जीएस. ज्या तीन हजारांच्या नावाने तो विद्यापीठात जायचा, त्यांतल्या बहुतेकांना तो कोण, कुठल्या वर्षाचा, याचा पत्ता नसायचा. त्याला तरी कुठे गरज होती? त्याने कोणाकडे मत मागितलेलंच नव्हतं.

कायदा करणाऱ्यांचा अंदाज असा होता की मार्क पडणारी मुलं शांत असतात आणि शांत मुलांच्या हाती कारभार गेला की राजकारण आपसूक थांबेल. मुलं शांत होती हे खरं. पण राजकारणाला तीन हजार मतं मिळवायला जेवढा खर्च यायचा त्याच्या मानाने अकरा मतं फार स्वस्तात पडू लागली. तीन हजार मुलांना गाडीत घालून नेता येत नाही. अकरांना येतं.

मग सुरू झाली पळवापळवी. नव्वदीच्या उत्तरार्धापासून पुढे बरीच वर्षं ऑगस्ट-सप्टेंबरच्या महिन्यांत मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर या बातम्या ठरलेल्या असत. प्रतिनिधींची नावं नोटीस बोर्डावर लागली की संध्याकाळी घरी फोन. कॉमर्सच्या एफवायचा पहिला आलेला मुलगा. त्याने आयुष्यात कधी घोषणा दिलेली नाही, क्लास आणि घर यापलीकडे शहर पाहिलेलं नाही. त्याच्या दारात गाडी येऊन थांबते, एक अतिशय आदबशीर दादा आईच्या पाया पडतो आणि म्हणतो, “काकू, विद्यापीठाचं काम आहे, दोन दिवसांत सोडतो.” आई डबा द्यायला निघते तर दादा म्हणतो, कशाला, सगळी सोय आहे. सोय असतेच. लोणावळ्याच्या नाहीतर महाबळेश्वरच्या एखाद्या रिसॉर्टवर आणखी दहा टॉपर आधीच आलेले असतात, कोणी मुकाट टीव्ही बघतोय, कोणी अकाउंट्सचं पुस्तक उघडून बसलाय. मोबाइल आले तसे ते आल्याआल्या काढून घेतले जाऊ लागले. मतदानाच्या दिवशी सकाळी सगळ्यांना आंघोळ-नाश्ता घालून थेट मतदानाच्या खोलीच्या दारात उतरवायचं. काहींना हे मनापासून आवडायचं, फुकटची सहल म्हणून. काही घाबरून रात्रभर जागायचे. काहींच्या बापांनी पोलीस ठाण्यात जाऊन मुलगा हरवल्याची तक्रार नोंदवली आणि ठाणे अंमलदाराने समजुतीने विचारलं, “यूआर आहे का?”

विद्यापीठाच्या पातळीवर हाच खेळ मोठा व्हायचा. कॉलेजांचे सचिव मिळून काही शे मतदार, त्यामुळे गाड्या अधिक, मुक्काम लांबचे. आमदारांना बसमध्ये भरून परराज्यात नेण्याचे प्रकार महाराष्ट्राने पुढे दूरदर्शनवर आणि मग चोवीस तासांच्या वाहिन्यांवर पाहिले, तेव्हा अनेकांना धक्का बसला. ज्यांनी ही विद्यार्थी परिषदांची वर्षं जवळून पाहिली होती त्यांना बसायचं कारण नव्हतं. मोजके मतदार, गुप्त जागा, बंद फोन, बाहेर पहारा, ही सगळी रीत त्यांच्या ओळखीची होती.

मुलींचं काय झालं, हे कोणी फारसं विचारत नाही. जुन्या खुल्या निवडणुकीत एलआर ही एक जागा मुलींची असे आणि तिच्यासाठी मुलीच प्रचार करत. नव्या कायद्यात दोन विद्यार्थिनी आल्या, पण नेमलेल्या. टॉपरांच्या यादीत मुली भरपूर असल्यामुळे कागदावर त्यांची संख्या वाढलीही. पण सचिव ठरवणारी खलबतं रात्री रिसॉर्टवर होणार असतील तर घरून मुलीला पाठवणार कोण? मुलींची मतं मग वडिलांमार्फत, मामांमार्फत ठरू लागली.

दिल्लीत दरम्यान वेगळी चक्रं फिरत होती. केरळातल्या महाविद्यालयांचे प्राचार्य आणि विद्यापीठ यांच्यातला एक वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्राने डिसेंबर 2005 मध्ये माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मे 2006 मध्ये तिचा अहवाल आला. उमेदवाराचा खर्च 5,000 रुपयांपेक्षा जास्त नको, छापील पोस्टर नको, हाताने लिहिलेलंच हवं, हजेरी 75 टक्के, विषय राहिलेला नसावा, अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं 10 दिवसांत. या अटी वर्तमानपत्रांतून गाजल्या. विद्यार्थी संघटनांनी त्यांच्यावर टीका केली आणि त्यात तथ्यही होतं. पाच हजारांत निवडणूक लढवणारा उमेदवार आणि पाच हजारांचा हिशेब दाखवणारा उमेदवार यांत फरक असतो.

अहवालातलं एक वाक्य मात्र महाराष्ट्रात कोणाच्या कानावर पडलं नाही. वातावरण फारच बिघडलेलं असेल तर तात्पुरती नेमणुकीची पद्धत वापरावी, पण ती निव्वळ परीक्षेतल्या गुणांवर बेतू नये, आणि पाच वर्षांच्या आत सगळ्यांनी निवडणुकीकडे वळावं, असं समितीने म्हटलं होतं. आपण बारा वर्षं नेमकं तेच करत होतो जे करू नका म्हणून सांगितलं गेलं होतं.

अहवाल आला त्याच वर्षी 26 ऑगस्टला उज्जैनच्या माधव महाविद्यालयात विद्यार्थी निवडणुकीवरून गोंधळ झाला आणि त्यात प्राध्यापक एच. एस. सभरवाल यांचा मृत्यू झाला. धक्काबुक्कीची दृश्यं देशभर टीव्हीवर दिसली. खटला सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशाबाहेर, नागपूरला हलवला. जुलै 2009 मध्ये तिथल्या न्यायालयाने सगळ्या आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. 22 सप्टेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू केल्या खऱ्या, पण उज्जैनची दृश्यं डोळ्यांसमोर असताना महाराष्ट्रात कोणता मंत्री निवडणुका परत आणायला धजला असता?

धजायला आणखी दहा वर्षं लागली. डिसेंबर 2016 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम मंजूर झाला आणि 1 मार्च 2017 पासून लागू झाला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि उच्च शिक्षणमंत्री विनोद तावडे, दोघेही अभाविपमध्ये वाढलेले. 99व्या कलमाने खुली निवडणूक परत आणली. कॉलेजचा अध्यक्ष, सचिव, एक विद्यार्थिनी प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गाचा एक प्रतिनिधी, हे चौघे सगळ्या विद्यार्थ्यांच्या मतांनी निवडायचे. वर्गाचा प्रतिनिधी वर्गाने. राखीव प्रवर्गाची जागा ही खरोखर नवी गोष्ट होती, जुन्या खुल्या काळातही ती नव्हती. विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्ष-सचिवांना अधिसभेत जागा होती.

कायदा झाला, पण नियम व्हायचे होते. पहिली दोन वर्षं त्यांची वाट पाहण्यात आणि जुन्या पद्धतीने गाडा ओढण्यात गेली. नियम आले ते अर्थातच सावध होते. राजकीय पक्षाचं नाव नको, चिन्ह नको. अखेर 2019च्या पावसाळ्यात निवडणुका घ्यायचं ठरलं. कॉलेजांनी मतदारयाद्या करायला घेतल्या. एका पिढीत निवडणूक झालेलीच नसल्यामुळे मतपेटी कशी असते, मोजणी कोणी करायची, हरकत कोणाकडे घ्यायची, हे कार्यालयातल्या कोणाला आठवत नव्हतं. निवृत्त झालेल्या हेडक्लार्कना फोन लावले गेले. आणि मग सरकारचा आदेश आला. ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक आहे, पोलीस बंदोबस्त कमी पडेल, सबब कॉलेज निवडणुका नोव्हेंबर अखेरपर्यंत पुढे ढकलण्यात येत आहेत. थोडक्यात, अठरा वर्षांच्या मुलांना आमदार निवडायचा होता म्हणून त्यांना जीएस निवडता आला नाही. विधानसभेनंतर महाराष्ट्रात जे घडलं त्यात कॉलेजांची आठवण ठेवायला कोणाला उसंत नव्हती, आणि मार्च 2020 मध्ये कोविडने कॉलेजंच बंद केली.

कॉलेजं उघडली, निवडणुका राहून गेल्या. त्यानंतर सरकारं बदलली, पक्ष फुटले, प्रत्येक उच्च शिक्षणमंत्र्याने लवकरच घेऊ म्हटलं. विरोधात असताना ज्या विद्यार्थी संघटना निवडणुकांसाठी मोर्चे काढतात, आपला पक्ष सत्तेत आला की त्यांचा आवाज खाली येतो. हे सगळ्यांच्याच बाबतीत खरं आहे.

मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेतल्या नोंदणीकृत पदवीधरांच्या 10 जागांसाठी मात्र सप्टेंबर 2024 मध्ये निवडणूक झाली. तीही सुखासुखी नाही. मतदान 22 तारखेला होतं, दोन दिवस आधी ते थांबवण्यात आलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाच्या आदेशाने 24 तारखेला मतदान झालं. दहाच्या दहा जागा युवासेनेने जिंकल्या, 2018 सारख्याच. या मतदारयादीत नाव घालायला हातात पदवी लागते. ती नोंदणी करून घ्यायला कॉलेजांच्या गेटवर उभे राहणारे कार्यकर्ते बहुतेक विद्यार्थी संघटनांचेच. त्यांतल्या जे अजून शिकत होते त्यांना त्या यादीत नाव घालता येत नव्हतं, आणि कॉलेजात त्यांच्यासाठी मतपेटीच नव्हती.